भीतीच्या काळातला कायदा

4 ऑक्टोबर 2021 रोजी राज्यभर शाळा पुन्हा उघडल्या आणि त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या 61 गावांत टाळेबंदी लागली. निकष कोरोनाच्या दहापेक्षा जास्त सक्रिय रुग्णांचा. पण शंभर उंबऱ्यांच्या वस्तीतले दहा आणि मोठ्या बाजारगावातले दहा सारखे कसे? तीनच दिवसांनी याच जिल्ह्यातल्या शिर्डीचं साईमंदिर खुलं झालं. त्या 61 गावांतल्या दुकानदारांचे दिवस मात्र गल्ल्याविना गेले. साथ खोटी नव्हती, हे मान्यच. दुसऱ्या लाटेतली प्राणवायूसाठीची वणवण कोण विसरेल? पण त्याच वर्षी जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार गावाने गावकऱ्यांची पथकं नेमून, रुग्ण वेळीच वेगळे ठेवून साथ आटोक्यात आणली. लोकांना कारण पटलं की ते स्वतःहून पाळतात.

सरकारच्या हाती होता प्लेगच्या भीतीत इंग्रजांनी केलेला 1897चा साथरोग कायदा. सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्याला तो संरक्षण देतो, गावाला मात्र कारण विचारण्याची वाट ठेवत नाही. निवडून आलेल्या सरकारांनीही तोच वापरला, आणि घाबरलेल्या बहुमताने त्याचं स्वागत केलं, हे मला जास्त सलतं. बंदीमागचे आकडे जाहीर व्हावेत आणि आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीचं मत घेणं बंधनकारक असावं, ही दुरुस्ती पुढच्या साथीआधीच व्हायला हवी.