सेकंडहँड जहाज, फर्स्टक्लास लोगो!

क्रूझवर जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राचे फोटो बघा. डेकवरचा स्विमिंग पूल, रात्रीचा बुफे, केबिनमध्ये बेडवर ठेवलेला टॉवेलचा हत्ती... आणि एक फोटो हमखास असतोच. निळंशार आकाश आणि त्यात घुसलेलं जहाजाचं धुरांडं! जहाज अमेरिकेतल्या कार्निव्हल क्रूझ लाइनचं असेल तर हे धुरांडं विसरणं शक्यच नाही. लाल, पांढरा, निळा असे भडक रंग, मधोमध चंद्रकोरीसारखा गोलवा आणि दोन्ही बाजूंना देवमाशाच्या शेपटीसारखे पसरलेले पंख. एकदा बघितलं की डोक्यात फिट्ट!

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी कंपनी, म्हणजे लोगोवर सॉलिड खर्च केला असणार. फोकस ग्रुप झाले असणार. ‘ब्लू म्हणजे ट्रस्ट, रेड म्हणजे पॅशन’ असं ज्ञान पाजळणाऱ्या कन्सल्टंटने साठ स्लाइड्सचं प्रेझेंटेशन दिलं असणार.

तर मंडळी, असलं काहीही झालं नव्हतं. जहाज सेकंडहँड होतं, खिसा रिकामा होता आणि धुरांड्यावर आधीच्या मालकाचा लोगो होता. त्याचा आकार जवळजवळ तसाच ठेवून फक्त रंग बदलले. बस्स, एवढंच!

आधीचं बिऱ्हाड

हा आधीचा मालक म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक. रेल्वे, विमानं, ट्रक, हॉटेलं, जहाजं... कॅनडात या कंपनीचं काय नव्हतं ते विचारा. १९६८ मध्ये त्यांनी ‘लिप्पिनकॉट अँड मार्ग्युलीझ’ या अमेरिकन डिझाइन फर्मकडून नवा लोगो करून घेतला. त्याचं नाव ‘मल्टिमार्क’. एक त्रिकोण, एक अर्धवर्तुळ आणि एक चौकोन. त्रिकोण म्हणजे गती, अर्धवर्तुळ म्हणजे जगभरचा पसारा आणि चौकोन म्हणजे स्थैर्य. प्रत्येक खात्याला वेगळा रंग. रेल्वेला लाल, विमानांना नारिंगी आणि जहाजांना हिरवा. प्रेझेंटेशनमध्ये एकदम फंडू वाटावं असं सगळं!

हा हिरवा मल्टिमार्क ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ या जहाजाच्या धुरांड्यावर चढला. १९६१ मध्ये लिव्हरपूल ते माँट्रियल फेऱ्या सुरू केलेलं हे २७ हजार टनांचं देखणं जहाज. सुमारे हजार प्रवासी नेणारं. पण तोवर जेट विमानं अटलांटिकवरून उडायला लागली होती. ज्या प्रवासाला बोटीने आठवडा लागायचा, तो विमानाने काही तासांत. कोण जातंय मग बोटीने? १९७१ च्या अखेरीस ‘एम्प्रेस’ने शेवटची अटलांटिक फेरी मारली आणि कंपनीने महासागरावरची प्रवासी वाहतूकच गुंडाळली.

म्हणजे गती, जग आणि स्थैर्य असे तीन-तीन अर्थ पोटात घेतलेला लोगो धुरांड्यावर जेमतेम तीन वर्षं राहिला. जहाज बंद पडायचं ते पडलंच.

पहिल्याच दिवशी वाळूत

इकडे मायामीत टेड ॲरिसन नावाचा माणूस जहाज शोधत होता. जन्म तेल अवीवचा, धंदा जहाजांचा. १९६६ मध्ये त्याने नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टरबरोबर भागीदारीत मायामीहून बहामाजला जाणारी ‘सनवर्ड’ची क्रूझ सुरू केली होती. क्लोस्टरकडे जहाज होतं, ॲरिसनकडे प्रवासी होते. जोडी जमली. त्यातूनच आजची नॉर्वेजियन क्रूझ लाइन उभी राहिली. पण पुढे दोघांचं फाटलं आणि ॲरिसन रस्त्यावर. त्याने बोस्टनच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या पैशावर १९७२ च्या सुरुवातीला ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ विकत घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘मार्डी ग्रा’.

जहाज धंद्याला लावायला हाताशी वेळ फारच कमी. त्यात नवा लोगो बसून कोण काढणार? धुरांड्यावरचा मल्टिमार्क लांबून बघितला तर इंग्रजी ‘सी’सारखाच दिसायचा. कॅनेडियनचा ‘सी’ आणि कार्निव्हलचाही ‘सी’! हिरव्याच्या जागी लाल-पांढरा-निळा आला आणि नवी क्रूझ लाइन तयार.

११ मार्च १९७२. मायामीहून पहिली सफर. जहाजावर शेकडो ट्रॅव्हल एजंट, कारण त्यांनी बघितलं तरच पुढे तिकिटं खपणार. बंदराच्या तोंडातून बाहेर पडता पडता ‘मार्डी ग्रा’ वाळूत रुतली! तीही कुठे, तर मायामी बीचवरून अख्ख्या गावाला दिसेल अशा जागी. सुटका व्हायला दुसरा दिवस उजाडला. म्हणजे त्या नव्या कोऱ्या रंगाची पहिली जाहिरात काय? तर अडकलेलं जहाज! त्या दिवशी बारमध्ये ‘मार्डी ग्रा ऑन द रॉक्स’ नावाचं कॉकटेल निघालं, असा किस्सा क्रूझवाल्यांच्या गप्पांमध्ये आजही रंगवून सांगतात.

धंदाही असाच रुतलेला. १९७४ मध्ये ॲरिसनने अख्खी कंपनी स्वतःच्या नावावर करून घेतली. किंमत किती? एक डॉलर! आणि सोबत फ्री गिफ्ट म्हणून पन्नास लाख डॉलरच्या घरातलं कर्ज.

हळू चला, मजा करा

मग हे जहाज चाललं कसं? गंमत म्हणजे अक्षरशः हळू चालूनच चाललं. १९७३ च्या तेलसंकटात इंधनाचे भाव भडकले. जुन्या वाफेच्या जहाजाने जोरात पळायचं म्हणजे समुद्रात पैसा जाळायचा. मग वेग कमी केला. बंदरं कमी आणि पाण्यावरचे तास जास्त. आता लोकांनी एवढा वेळ करायचं काय? कॅसिनो, नाचगाणी, खेळ, रात्री उशिरापर्यंत खाणं! कंपनीच्या मार्केटिंगची धुरा सांभाळणाऱ्या बॉब डिकिन्सनने याच मजबुरीचं नाव ठेवलं ‘फन शिप’. तोवरचा फंडा असा होता की जहाज तुम्हाला कुठेतरी नेतं. आता जहाज हेच ठिकाण झालं. सूट-बूट, फर्स्ट क्लास, श्रीमंत म्हातारे हे सगळं बाजूला पडलं आणि पहिल्यांदाच सुट्टी काढून आलेली तरुण जोडपी डेकवर दिसायला लागली.

पुढची दोन जहाजंही जुनीच घेतली. ‘कार्निव्हाल’ आणि ‘फेस्टिव्हाल’. चौथं ‘ट्रॉपिकाल’ मात्र कोरं, खास बांधून घेतलेलं. ते १९८२ मध्ये धावायला लागलं, तेव्हा जो फार्कस या डिझायनरने धुरांड्याला ते प्रसिद्ध पंख दिले. शोभेसाठी तर आहेतच, पण धूर दोन बाजूंना जावा आणि डेकवर ऊन खात पडलेल्यांच्या अंगावर येऊ नये, हाही हेतू. म्हणजे पैसे आल्यावरही कंपनीने जुना लोगो फेकला नाही, त्याला पंख लावले! १९८७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. १९९८ मध्ये तिने क्युनार्ड घेतली. अटलांटिकवरची खानदानी कंपनी, एकेकाळची कॅनेडियन पॅसिफिकची तगडी प्रतिस्पर्धी. काळाचा महिमा!

बॅलार्ड पिअरची आठवण

सेकंडहँड जहाजांचा हा खेळ फक्त मायामीचा नाही हं. माझ्या वयाच्या मुंबईकरांनी ‘क्रूझ’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो २००५ च्या आसपास, स्टार क्रूझेसची ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आली तेव्हा. मी प्राथमिक शाळेत होते. मावशी-काकांबरोबर बॅलार्ड पिअरवरून बसलो. समुद्रात काय मिळेल कोण जाणे, म्हणून मावशीने चिवडा आणि शंकरपाळ्यांचा डबा घेतला होता, तो न उघडताच घरी परत आला! बाकी काय आठवतं? कठड्याच्या थंडगार गजाला गाल लावून बघितलेली लहान लहान होत जाणारी मुंबई. आणि मध्यरात्री आईस्क्रीम खायला कुणी ओरडलं नाही, ही तर जन्मभर पुरेल अशी गोष्ट.

माझ्यासाठी ते जहाज नवंच होतं. प्रत्यक्षात ते १९८८ चं. आधीचं नाव ‘सीवर्ड’ आणि आधीचा मालक नॉर्वेजियन क्रूझ लाइन. हो, तीच ती, ॲरिसन आणि क्लोस्टरच्या भागीदारीतून उभी राहिलेली! २०२१ पासून मुंबईहून निघालेल्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’चीही तीच गत. मूळची रॉयल कॅरिबियनची, १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून आलेली. तिच्या डेकवर हनीमूनचे फोटो काढणाऱ्यांचं या जुन्या नावाने काही अडलंय का?

पण लोगो तर हवाच ना?

हे सगळं आठवायचं कारण माझा एक मित्र. आयटीतली नोकरी सोडून त्याला सह्याद्रीत ट्रेक काढायचेत. रूट पाठ, गावागावात ओळखी, पहिल्या बॅचला यायला ऑफिसचे पंधरा जण तयार. अडलंय कशावर? लोगोवर! डोंगर हवा पण बाण वाटायला नको, हिरवा हवा पण बँकेसारखा नको. तेविसावा ड्राफ्ट सुरू आहे. जून गेला, जुलै गेला. ट्रेकवाल्याचा पावसाळा वाया जाणं म्हणजे कंदीलवाल्याची दिवाळी हुकण्यासारखं. सेव्हिंग्ज संपत आलीयत आणि वडील रोज जेवताना ‘काय ठरलं?’ एवढंच विचारतात.

त्याला मी ‘मार्डी ग्रा’ची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “अगं, पण त्यांना लोगो आयता मिळाला होता ना!”

मुद्दा बरोबर आहे. तो आकार चांगलाच होता, जाणकारांनी काढलेला होता. ॲरिसनला तो जहाजाबरोबर फुकट मिळाला. पण मग त्याच आकाराने कॅनेडियन पॅसिफिकची जहाजं का नाही वाचवली? आकार तोच, धुरांडं तेच, अटलांटिकवर चित्र पडलं आणि कॅरिबियनमध्ये सुपरहिट! आज तो लाल-निळा ‘सी’ बघून कुणाला गती, जग, स्थैर्य आठवत नाही. सुट्टी आठवते. हा अर्थ कुठल्याही डिझायनरने कागदावर लिहिलेला नव्हता. त्या धुरांड्याखाली लोक येऊन नाचले, खाल्लं-प्यायले, घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हा तो आला.

म्हणून मित्रा, तेविसातला कुठलाही एक निवड आणि राजमाचीला बॅच काढ. मुलं भिजून, गरम पिठलं-भाकरी खाऊन खूश होऊन परत आली, की तो डोंगर आपोआप तुझा होईल. नंतर वाटल्यास त्याला पंख लाव!

जाता जाता

‘मार्डी ग्रा’ पुढे नावं आणि मालक बदलत राहिली. २००३ मध्ये ती तोडायला आली आपल्या शेजारी, गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर. ‘फेस्टिव्हाल’ही त्याच वर्षी तिथेच आली आणि ‘कार्निव्हाल’ २००८ मध्ये. ज्या तीन जुन्या जहाजांवर कंपनी उभी राहिली, ती तिन्ही अलंगच्या चिखलात मोडली गेली. आणि २०२१ मध्ये नवी ‘मार्डी ग्रा’ अमेरिकेतून निघाली तेव्हा तिच्या डेकवर चक्क रोलरकोस्टर होता. धुरांडं? लाल, पांढरं, निळं. तोच गोलवा!