फॉन्ड्यूचे सोवळे

गेल्या मार्गशीर्षात कोलकात्यास आमच्या मंडळाचे सहभोजन झाले. प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक पदार्थ करून आणावा, असा तेथील प्रघात आहे. त्याप्रमाणे कोणी पुरणपोळ्या आणल्या, कोणी मसालेभात, कोणी अळूचे फदफदे. आमच्या कचेरीत नुकत्याच बदलून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या पत्नीने मात्र जाड बुडाच्या पातेल्यात चीजचे फॉन्ड्यू करून आणले. त्यात तिने कांद्याची पात, थोडा मरवा आणि सरकारी क्वार्टरच्या गॅलरीतील कुंडीतल्या पानओव्याची चार पाने घातली होती. शेगडीवर पातेले पुन्हा कोमट करून, शेजारी पावाचे तुकडे मांडून ती संकोचाने उभी राहिली.

इतक्यात, काही वर्षे परदेशी काढून आलेले एक वयोवृद्ध सद्गृहस्थ पुढे झाले. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले आणि सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ह्याला फॉन्ड्यू म्हणत नाहीत, बाई! फॉन्ड्यू म्हणजे आल्प्समधल्या गुराख्यांचे शेकडो वर्षांचे अन्न. त्यात पाला घालणे हा अधर्म आहे. आणि ग्रुयेर व वाइन यांवाचून ते होतच नाही.” मंडळी हसली. ज्यांनी पावाचे तुकडे उचलले होते, त्यांनी ते हळूच खाली ठेवले. पातेले जसे भरलेले आले, तसेच भरलेले परत गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवास ती बाई आली नाही. प्रकृती बरी नसल्याचा निरोप आला.

आम्ही त्या वेळी तेथेच होतो, आणि गप्प बसलो होतो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

प्रथम गुराख्यांची कथा पाहू. ही कथा जितकी गोड आहे, तितकीच पोकळ आहे. चीज वाइनमध्ये वितळवून त्यात पाव बुडवून खाण्याची कृती झुरिक येथील १६९९ सालच्या एका पाकपुस्तकात आढळते. पण तेथे ‘फॉन्ड्यू’ हे नावच नाही, ‘वाइनमध्ये चीज शिजविणे’ एवढेच साधे शीर्षक आहे. उलट फ्रान्समध्ये ज्याला फॉन्ड्यू म्हणत, त्यात अंडी असत. ब्रिया-साव्हारँ या खवय्या न्यायाधीशाचा ग्रंथ १८२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातले फॉन्ड्यू हे आजच्या दृष्टीने अंड्यांच्या भुर्जीचेच भावंड ठरावे. अंड्यांविना, केवळ चीज व वाइन यांचे, आजच्या नावाचे फॉन्ड्यू छापील पाककृतीत अवतरते ते १८७५ साली. आणि ते खाणारे कोण? डोंगरावरचे गुराखी नव्हेत, तर पश्चिम स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषी सखल भागातील शहरवासी! ग्रुयेर हा निर्यातीचा मौल्यवान माल होता. तो करणाऱ्या गरिबाला तो स्वतः वितळवून खाणे परवडत नसे.

मग हे ‘राष्ट्रीय अन्न’ झाले कसे? आम्हां सरकारी नोकरांना ते चटकन समजावे. कारण ते कचेरीतून झाले. १९१४ साली स्थापन झालेला स्विस चीज संघ चीजची खरेदी, किंमत आणि विक्री यांवर हुकमत गाजवीत होता. १९३० नंतरच्या दशकात चीजचा खप वाढविण्यासाठी या संघाने फॉन्ड्यूचा डंका देशभर पिटला. निरनिराळ्या प्रांतांच्या नावांनी ‘पारंपरिक’ पाककृती तयार करून दिल्या. युद्धोत्तर काळात तर पलटणींना आणि समारंभांच्या चालकांना फॉन्ड्यूची भांडी पुरविली. १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात स्विस दालनाने हेच पातेले अमेरिकेपुढे मांडले. संघ १९९९ साली विसर्जित झाला. पण त्याने काढलेली परिपत्रके अद्याप अंमलात आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी कोलकात्यातील आमचे सद्गृहस्थ बिनपगारी करीत आहेत! ज्याला ते श्रुती समजतात, ती वस्तुतः विक्रेत्याची जाहिरात आहे.

दुसरा आरोप पाल्याचा. स्वित्झर्लंडच्या पूर्वेस ग्लारुस नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे शाबत्सिगर नावाचे फिकट हिरवे चीज होते. त्याची हिरवाई आणि त्याचा दरवळ ही एका झुडपाच्या वाळविलेल्या पाल्याची करणी. ते झुडूप म्हणजे निळ्या फुलांची मेथी, आपल्या मेथीची सख्खी चुलत बहीण! या चीजला ठशाचे व घडणीचे नियम ग्लारुसच्या लोकसभेने १४६३ सालीच घालून दिले. म्हणजे ज्या देशाच्या नावाने पाल्याला बंदी घालायची, त्या देशाने चीजमध्ये पाला कालवण्याचा कायदा झुरिकच्या त्या पाककृतीच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी केला होता. कोणी उद्या फॉन्ड्यूत चिमूटभर कसुरी मेथी चुरडून टाकली, तर ग्लारुसकर तिला परकी म्हणणार नाही. परकी म्हणतील ते आमचेच लोक.

पानओव्याचेही तसेच. युरोपात अशा पदार्थांना थाइमचा वास देतात. थाइमला तो वास देणारे थायमॉल हे द्रव्य आपल्या ओव्यातही भरपूर असते. ज्या बाईने कुंडीतली चार पाने खुडली, तिच्या नाकाला जे कळले ते सद्गृहस्थांच्या पारपत्रावरील शिक्क्यांना कळले नाही. आणि मरवा तर युरोपच्या स्वयंपाकघरात मार्जोरम या नावाने नित्याचा आहे; आम्ही तो गजऱ्यात माळतो, ते ताटात घालतात, एवढाच भेद.

आता तिसरा आणि सर्वांत मोठा आरोप: ग्रुयेर आणि वाइन यांवाचून फॉन्ड्यू होत नाही. येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. चीजमधील केसीन या प्रथिनाचे कण कॅल्शियमने एकमेकांस जखडलेले असतात. नुसती उष्णता दिली, तर स्निग्धांश तुपासारखा वर येतो आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. वाइनमधील आम्ल, विशेषतः टार्टारिक आम्ल, या कॅल्शियमला ओढून घेते. केसीन मोकळे होते आणि स्निग्धांश व पाणी यांना एकत्र धरून ठेवते. लिंबातील सायट्रिक आम्लही तेच काम करते. जोडीला मक्याचे पीठ असले, की मिश्रण फाटत नाही. ते पीठही स्वित्झर्लंडमध्ये आले १९०५ साली, म्हणजे सद्गृहस्थांच्या शेकडो वर्षांच्या परंपरेत पुष्कळच उशिरा!

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. प्रक्रिया केलेल्या ज्या डबाबंद चीजला आमचे रसिक नाके मुरडतात, त्याचा जन्म १९११ साली स्वित्झर्लंडमध्येच, थून गावी झाला. व्हाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी सायट्रेटचा क्षार घालून चीज वितळविले आणि ते फाटेनासे केले. फॉन्ड्यूत जे काम वाइनचे आम्ल करते, तेच येथे क्षाराने केले. आपल्या बाजारातील अशा चीजच्या पाकिटावर घटकांत सोडियम सायट्रेट लिहिलेले आढळेल. तेव्हा किराण्याच्या दुकानातील ती वडी फॉन्ड्यूची वैरीण नसून पाठची बहीण आहे.

सद्गृहस्थांचे एक म्हणणे मात्र आम्ही मान्य करतो. ग्रुयेर हे एका विशिष्ट भूमीचे नाव आहे, त्याला २००१ सालापासून कायद्याचे संरक्षण आहे, आणि आपल्या वडीला कोणी ग्रुयेर म्हणेल तर ती लबाडी होय. परंतु फॉन्ड्यू हे कोणत्याही गावाचे नाव नव्हे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘वितळलेली’. जे वितळले, ते फॉन्ड्यू. क्रियापदावर मालकी सांगण्याचा अधिकार कोणत्याही संघास नाही. शिवाय अस्सल ग्रुयेर वासराच्या जठरातील रसाने विरजतात. ज्या घरी ते चालत नाही, त्या घराला तुम्ही काय सांगणार? पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून चीज निवडणाऱ्या गृहिणीने हे पातेले चुलीवर चढवूच नये काय?

वाद घालून पोट भरत नाही. म्हणून कृतीही सांगतो. चौघांसाठी चारशे ग्रॅम चीज घ्यावे. स्विस मंडळी माणशी दोनशे ग्रॅम धरतात, पण आपल्या पंक्तीत इतर पदार्थही असतात. निम्मे प्रक्रिया केलेले, निम्मे मुरलेले चेडर किंवा गौडा. कालिंपाँगचे चीज मिळाल्यास थोडे तेही घालावे. तेथे ही कला स्विस धर्मोपदेशकांनीच आणली. पनीर किंवा बंडेलचे चीज यांच्या भरवशावर मात्र राहू नये. दूध आम्लाने फाडून केलेले चीज वितळत नाही. चीज किसून त्याला दोन चमचे मक्याचे पीठ चोळावे. कल्हईच्या जाड पातेल्याला आतून लसणाची पाकळी घासावी. त्यात दोनशे मिलिलिटर पाणी आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून गरम करावे. ज्यांना चालते त्यांनी पाण्याऐवजी आंबटसर पांढरी वाइन घ्यावी. पानओवा किंवा थाइम यांसारखा राठ पाला याच वेळी घालावा, म्हणजे त्याचा वास पाण्यात उतरतो. मग मंद आचेवर मूठ मूठ चीज सोडीत ढवळीत राहावे. उकळी फुटू देऊ नये. सर्व एकजीव झाल्यावर पातेले उतरवून कांद्याची पात, मरवा, शेपू अशी कोवळी पाने बारीक चिरून घालावीत. ती आचेवर ठेवली तर काळवंडतात. दोन चमच्यांहून अधिक पाला घालू नये, नाहीतर चीजची आमटी होते. मिश्रण फाटलेच तर लिंबाच्या रसात चमचाभर मक्याचे पीठ कालवून ओतावे आणि नेटाने घोटावे. पाव आदल्या दिवशीचा असावा. ताजा पाव पातेल्यातच विरघळतो. तीन विटांवर पातेले ठेवून खाली दोन मेणबत्त्या लावल्या, की विलायती दिवाणीची गरज नाही. आणि तळाशी जी खरपूस खरवड उरते, तिच्यासाठी भांडण व्हावे, स्वित्झर्लंडमध्येही होते.

त्या सहभोजनात मागून आणखी एक सूर निघाला होता, त्याचाही समाचार घेऊ. “मराठी पंक्तीत हे म्लेंच्छ अन्न हवेच कशाला?” वाचकहो, आपण बदलीची माणसे. आज इंफाळ, उद्या भुवनेश्वर, परवा जयपूर. जेथे जातो तेथील चार चवी आपल्या डब्यात येतात, आणि तेच आपले वैभव आहे. साबुदाणा हा शब्द तरी मूळचा कोठला? बटाटा आपल्या उपासाला चालतो, तो काय पंढरपूरच्या वाळवंटात उगवला? पाहुण्या पदार्थाला आपल्या घरचा पाला घालून आपलासा करणे, हीच तर आपल्या आज्यांची रीत होती. त्या तरुण स्त्रीने त्याहून वेगळे काय केले?

खरा प्रश्न फॉन्ड्यूचा नाहीच. परमुलखात नवीन आलेली एखादी स्त्री जेव्हा आपले पातेले चारचौघांत उघडते, तेव्हा ती पाककृती परीक्षेस पाठवीत नसते. ती ओळख मागत असते. तेथे ज्ञानाचा सोटा उगारणाऱ्याचे ज्ञान खरे असते तरी तो अपराधच झाला असता. येथे तर ते ज्ञानही एका विसर्जित संघाच्या जाहिरातीतून आलेले!

येत्या पौर्णिमेस आमच्या घरी ते पातेले पुन्हा चढणार आहे. कृती त्या बाईंची, पानओवा त्यांच्याच कुंडीतला, आणि त्यांनी यावे म्हणून आम्ही उभयता स्वतः त्यांच्या दारी जाऊन आलो आहोत. त्या येतो म्हणाल्या आहेत. सद्गृहस्थांनाही आमंत्रण धाडले आहे. त्यांनी जरूर यावे. फक्त येताना सोवळे दाराबाहेर उतरवून ठेवावे आणि पावाचा पहिला तुकडा त्यांनीच बुडवावा.