लावण एकाची, तोडणी दुसऱ्याची
(द्वितीय वर्ष, कला)

कबड्डीच्या संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की आम्हा पाठीराख्यांच्या अपेक्षांना पूर येतो. 'यंदा चषक आपलाच!' ही एकच घोषणा शिरूरच्या एस. टी. स्थानकापासून दौंडच्या रेल्वे फलाटापर्यंत ऐकू येते. हंगाम संपतो, चषक दुसरीकडे जातो, आणि ज्या तोंडांनी जयजयकार केला तीच तोंडे 'याला काढा' म्हणू लागतात. नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या हंगामाकडून आपण नेमके मागावे तरी काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

ताजे उदाहरण घेऊ. २९ डिसेंबर २०२४ रोजी प्रो कबड्डीचा अंतिम सामना आपल्या बालेवाडीत झाला. खेळले कोण? हरियाणा आणि पाटणा! विजेतेपद हरियाणाने नेले. आदल्याच मोसमाचा विजेता असलेला आपला पुणेरी पलटण संघ बाद फेरीतही नव्हता. पुढच्या मोसमात, म्हणजे २०२५ मध्ये, अजय ठाकूर मुख्य प्रशिक्षक झाले. २०१६ च्या विश्वचषकात इराणविरुद्धची अंतिम लढत ज्यांनी आपल्या चढायांनी फिरवली, तेच हे ठाकूर. मग काय विचारता! आशेला धुमारे फुटले. संघ अंतिम फेरीपर्यंत गेलाही. पण ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत, दिल्लीच्याच संघाकडून २८-३१ असा हरला. अवघे तीन गुण! झाले. निम्मे मित्र म्हणाले, 'पहिल्याच वर्षी अंतिम फेरी, शाब्बास!' निम्मे म्हणाले, 'चषक नाही तर काही नाही.'

माझ्या मते दोन्ही पक्षांचे माप चुकीचे आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे, म्हणून उसाचाच दाखला देतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर तोडणीला सोळा ते अठरा महिने जातात. तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा. शेत नव्या वाटेकऱ्याकडे गेले आणि पहिल्या वर्षी खोडवा चांगला आला, तर पाणी-खताचे श्रेय त्याचे. पण मुळे धरली ती आधीच्या माणसाच्या घामावर. नव्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम हा बहुधा खोडवाच असतो.

पलटणचाच इतिहास पाहा. २०१९ मध्ये अनुपकुमार प्रशिक्षक झाले. विश्वविजेत्या भारताचा कर्णधार! अपेक्षा आभाळाएवढ्या होत्या. पण पहिल्या हंगामात संघ तळाकडे घसरला. त्या निकालावरच त्यांना निरोप दिला असता तर कोणी हळहळलेही नसते. पुढचा मोसम २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाला. राहुल चौधरी, नितीन तोमर असे नावाजलेले चढाईपटू संघात होते. तरीही चढाईचा भार हळूहळू अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या कोवळ्या पोरांच्या खांद्यांवर आला. चषक काही मिळाला नाही आणि अनुपकुमार गेले. बी. सी. रमेश आले. २०२२ च्या अंतिम सामन्यात संघ जयपूरकडून चार गुणांनी हरला, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार कोण? तोच अस्लम! रमेश यांचे कर्तृत्व मोठेच. त्यांनी रोपाचे पीक केले. पण लावण कोणाची होती, हे विजयाच्या गुलालात किती जणांना आठवले?

कोणी म्हणेल, 'आता खेळ हा धंदा झाला आहे. मालक पैसा ओततात, त्यांना निकाल हवा.' मान्य. पण या घाईची किंमत कोण मोजतो ते पाहा. यंदाच जिंकायचे असे बजावलेला प्रशिक्षक नव्या पोराला मैदानात उतरवण्याचा धोका पत्करीलच कसा? तो अनुभवी, महागडा खेळाडूच खेळवील, आणि नवा पोरगा बाकावर बसून राहील. अस्लम हा घोडनदीपलीकडच्या नगर जिल्ह्यातला, टाकळीभानचा. पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०२१ मध्ये त्यालाही बाकावरच ठेवले असते तर? आपल्या गावांतून रात्री दिव्याखाली, तांबड्या मातीत दम घुमवणाऱ्या पोरांचे भवितव्य प्रशिक्षकाच्या या धीरावर अवलंबून आहे. तो धीर त्याला आपण पाठीराख्यांनी द्यायचा असतो.

प्रशिक्षक मराठीच हवा, असाही एक सूर निघतो. अनुपकुमार हरियाणाचे, रमेश कर्नाटकाचे, ठाकूर हिमाचलचे. मला विचाराल तर गुरूचे गाव विचारू नये. तो आपल्या गावच्या पोराला ओळखतो की नाही, एवढे विचारावे.

म्हणून नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या हंगामाकडून माझ्या अपेक्षा तीनच. पहिली, निदान दोन नवी पोरे त्याने नियमित खेळवावीत, आणि एका फसलेल्या चढाईवरून त्यांना बाहेर काढू नये. दुसरी, शेवटच्या पाच मिनिटांत संघाने डोके शांत ठेवावे. कारण आपले दोन अंतिम सामने तीन-चार गुणांनीच निसटले आहेत. तिसरी, संघाचे नाव पुण्याचे आहे, तर त्याची नजर पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांवरही पडावी. २०२५ च्या मोसमात एकही सामना पुण्यात झाला नाही. खेळाडूंना डोळ्यांनी पाहायला मिळाले नाही, तर आमच्या पोरांनी शिकावे कोणाकडून? या अपेक्षांत चषक नाही, हे मी जाणूनबुजून केले आहे. लावण चांगली झाली तर तोडणी आज ना उद्या होतेच.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी गुण विचारले नाहीत. 'पुढचं वर्ष झेपंल का?' एवढेच विचारले. मित्रहो, नव्या प्रशिक्षकालाही पहिल्या हंगामाच्या शेवटी आपण हाच प्रश्न विचारू या.