सावित्रीकाठच्या गोटा-वाळूच्या खाणीचा पूरबंदोबस्त आणि भूमीची पुनर्स्थापना यांविषयी निवेदन

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, रायगड, मुक्काम अलिबाग
मार्फत : तहसीलदार, महाड

महोदय,

पोलादपुराहून महाडाकडे उतरणाऱ्या सावित्रीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करून राहिलेले आम्ही खाली सही करणारे ग्रामस्थ हे निवेदन आपणांपुढे रुजू करीत आहोत, ते खाण बंद पाडावी या हेतूने नव्हे. गोटा आणि वाळू यांवाचून घर उभे राहत नाही हे आम्हांस ठाऊक आहे, आणि आमच्यातील कित्येकांचे हात त्याच खाणीत राबलेले आहेत. आमचे गाऱ्हाणे आहे ते उपसा संपल्यावर मागे राहिलेल्या खड्ड्याविषयी, आणि तो ज्या रीतीने आता बुजविला जात आहे त्या रीतीविषयी.

सावित्रीचा स्वभाव आपल्या दप्तरी नोंदलेला आहेच. महाबळेश्वराच्या माथ्यावरचा पाऊस काही तासांतच आमच्या बांधांना येऊन लागतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री याच नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात ढासळून दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. अशा नदीच्या कुशीत, तिच्या पात्राहूनही खोल असा खड्डा उघडा टाकून देणे किती भयावह आहे, हे ज्यांनी त्या रात्री पाण्याचा आवाज ऐकला त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

नदी आणि खड्डा यांच्यामध्ये जो मातीचा बांध राखला आहे तो आम्ही पावलांनी मोजला. रुंद जागी तो अठरा पावले भरतो. जुन्या करंजाच्या झाडापाशी अवघी सात. त्या करंजाची नदीकडील मुळे उघडी पडून लोंबत आहेत, आणि खड्ड्याच्या अंगाने बांधातून पाझरलेल्या पाण्याचे लालसर ओघळ भर उन्हाळ्यातही ओले असतात. हा बांध वरच्या टोकाला फुटला, तर नदी आपले पात्र सोडून खड्ड्यात उडी घेईल, त्या धबधब्याने तिचा तळ खणला जाऊन ती खोदाई प्रवाहाच्या उलट दिशेने वर वर सरकत जाईल, आणि कातळ लागेपर्यंत किंवा एखाद्या पुलाचा पाया उघडा पडेपर्यंत ती थांबणार नाही; इकडे गोट्यांचे ओझे खड्ड्यातच टाकून हलकी झालेली नदी खालच्या काठांना कुरतडू लागेल.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, बांध उंच करून पाणी अडविण्याचा खटाटोप न करता, खड्ड्याच्या खालच्या टोकाला दगडी फरसबंदीचा रुंद सांडवा काढावा, म्हणजे पूर चढताना पाणी तेथून मागे फिरून संथपणे आत भरेल आणि बांधाच्या दोन्ही अंगांची पातळी जवळजवळ सारखी राहून तो फुटणार नाही. खड्ड्याचे उभे तुटलेले कडे उतरते करावेत, आणि नदीला समांतर रचलेले मातीचे ढीग, जे पुराच्या वाटेवर भिंतीसारखे उभे आहेत, ते पावसाळ्यापूर्वी हलवावेत.

यापुढील गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. खड्डा बुजविणे आणि भराव घालणे ही दोन भिन्न कामे आहेत. गेल्या उन्हाळ्यापासून वरच्या टोकाला डंपर रिकामे होत आहेत; त्यांत विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि प्लास्टिकच्या गोण्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या, आणि ती जागा शेजारच्या खाचरांहून पुरुषभर उंच झाली आहे. ती बिनशेती करून भूखंड पाडण्याची बोलणी गावात उघड चालतात. पुराला लागणारी जागा अशी हिरावून घेतली म्हणजे तितकेच पाणी समोरच्या काठावर चढते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा शासनानेच ठरवली असता, तिच्या आतील ही उंची शासनाने कशी मान्य करावी? भूमी मूळ पातळीस आणावी, तसूभरही वर नको. भरण्यास स्वच्छ माती-मुरूमच वापरावा, आणि उपशापूर्वी बाजूस काढून ठेवलेला वरचा सुपीक थर शेवटी पसरून ती जमीन पुन्हा भाताखाली आणावी. सारा खड्डा भरण्याइतकी माती मिळत नसेल, तर खालचा भाग तळे म्हणून राहू द्यावा. पूर साठवायला आणि गुरांना पाणी द्यायला तो उपयोगीच पडेल.

सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 च्या निकालाने पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली आहे. ती मंजुरी आणि तिच्या अटी आम्हांस मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचावयास मिळाव्यात. तसेच पुनर्स्थापना पुरी झाल्याचा पंचनामा होईतो पट्टेदाराची अनामत परत करू नये, आणि कामात कसूर झाल्यास त्याच रकमेतून ते करवून घ्यावे.

मृग लागण्यापूर्वी जलसंपदा आणि खनिकर्म या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांसह आपण करंजाच्या झाडापाशी संयुक्त पाहणीस यावे, ही आमची विनंती आहे. 2021 चा पूर देवळाच्या जोत्यावर कोठवर चढला होता त्याची खूण ज्यांनी स्वतः कोरली, ते वृद्ध इसम त्या दिवशी तेथे हजर राहतील.

आपले विश्वासू,
सावित्रीकाठचे ग्रामस्थ