७२ हजार किलोमीटर चाललेली डिझेल गाडी

माझ्या मोठ्या बहिणीचं, आपाचं, आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस असतं. गाव ते मिरज तीस किलोमीटर. वर्षभर भाचा तिला कधी वडापमधून, कधी शेजाऱ्याच्या गाडीतून नेत होता. शेवटी त्यानं दोन लाख जमवले आणि म्हणाला, "मामू, जुनी डिझेल घेतो. डिझेल इंजिन मरत नाही म्हणतात."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्हीही ऐकलं असेल. त्यात तथ्य होतं, पण ते एका विशिष्ट काळातल्या इंजिनांबद्दलचं तथ्य आहे. जीप, सुमो, क्वालिस या गाड्यांत पंपापासून नोझलपर्यंत सगळं यांत्रिक होतं. रस्त्याकडेचा मिस्त्री पाना आणि कानाच्या जोरावर ते दुरुस्त करायचा. डिझेलमध्ये थोडं पाणी गेलं, फिल्टर वेळेवर बदलला नाही, तरी ती इंजिनं खोकत का होईना घरी आणायची. लोकांनी ही कीर्ती पुढच्या पिढीच्या इंजिनांनाही बहाल करून टाकली, आणि खरी फसगत तिथेच होते.

आज दोन-तीन लाखांत जी डिझेल गाडी मिळते ती बहुतेक २००८ ते २०१४ च्या दरम्यानची असते. त्याला कारण आहे. तेव्हा डिझेलचे भाव सरकारच्या हातात होते आणि पेट्रोलपेक्षा ते बरंच स्वस्त पडायचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि तो ओढा हळूहळू ओसरला. त्या काळात अर्ध्या बाजारात एकच इंजिन होतं असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही : फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुतीनं ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगात बसवलं, टाटानं व्हिस्टा आणि मांझात, फियाटनं स्वतःच्या पुंटो आणि लिनियात. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार व्हायचं. इंजिन चांगलंच आहे. लाखो किलोमीटर चाललेली मी पाहिली आहेत. पण ते कॉमन रेल आहे. त्यात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबानं नोझलमधून जातं. इतक्या दाबाला डिझेलमधली बारीकशी घाणही चालत नाही. शिवाय त्याची टायमिंग चेन वंगणाच्या भरवशावर असते. ऑइल बदलायची चालढकल करणाऱ्या मालकाच्या हातात चेन सैल होते, सकाळी खडखडते, आणि तुटली तर वरचं हेडच कामाला लागतं. डस्टर, टेरानोतल्या १४६१ सीसीच्या रेनो इंजिनात चेनऐवजी पट्टा आहे. तो ठरल्या मुदतीत बदलला नाही तर तेच संकट. पट्टा कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरावं.

म्हणून "अमुक कंपनीचं डिझेल टिकतं का" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. बारा वर्षांच्या गाडीत कंपनीचा हात थोडा उरलेला असतो, आधीच्या मालकाचा जास्त.

भाच्यानं पहिली पसंत केलेली गाडी २०१३ ची होती. चकचकीत, मीटरवर ७२ हजार. विकणारा तो आकडा दहा वेळा सांगत होता. मी हिशेब केला : १२ वर्षांत ७२ हजार म्हणजे रोज जेमतेम १६ किलोमीटर. रोज १६ किलोमीटर फिरणाऱ्या माणसानं त्या काळी लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल कशाला घेतली असेल? एक तर मीटर मागे फिरवलाय, नाहीतर गाडी खरोखरच बाजार-शाळा-घर एवढीच फिरली आहे. आणि दुसरी शक्यताही सुखाची नाही. डिझेल इंजिन नीट तापायला वेळ लागतो. रोज अर्धवट तापून बंद होणाऱ्या इंजिनात काजळी साठते, ईजीआर व्हॉल्व्ह तुंबतो. नवीन बीएस-६ गाड्यांत तर धुराचा फिल्टरही तुंबतो. कमी किलोमीटर हे डिझेलच्या बाबतीत प्रशस्तिपत्र नव्हे, हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, सोबत होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि हात मागे घेतला. बॉनेट गरम होतं. आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. उस्ताद म्हणाले, "उद्या सकाळी येतो, तोवर चावी लावू नका." विकणाऱ्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो फोनवर म्हणाला, गाडी रात्रीच गेली.

थंड इंजिन एवढं महत्त्वाचं का? जीर्ण झालेलं डिझेल गरम असताना गोड बोलतं. कंप्रेशन गेलेलं असेल, हीटर प्लग मेलेले असतील, तर ते पहाटेच्या सेल्फला कळतं. सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चालतं. थांबतच नसेल तर रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय का ते बघावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाबल्यावर काळाकुट्ट धूर म्हणजे नोझल, टर्बो नाहीतर साधा एअर फिल्टर. मग चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडायचं. तिथून जोरात भपकारे येत असतील तर मिस्त्री लोक ज्याला बॅक कंप्रेशन म्हणतात ते हेच, आणि मग इंजिनाचं मोठं काम डोक्यावर आहे असं समजायचं. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलमध्ये ते बदलल्यावर लवकरच काळं होतं. उलट मध्यासारखं सोनेरी दिसलं तर कालच का बदललं, असं विचारा.

आता एक गोष्ट, जी आपल्या लोकांना बोचेल. गॅरेजांत आपली कितीतरी पोरं काम करतात. आपण त्यांना गाडी बघायला नेतो, चहा पाजतो आणि "भाई, जरा बघ" म्हणून सोडून देतो. अर्धा दिवस त्याचा बुडतो. मग विकणाऱ्यानं त्याच्या खिशात दोन हजार घातले तर त्याचा कान बहिरा होतो, आणि आपण मिस्त्री बेईमान म्हणून बोंबलतो. मालातला ऐब सांगून विकावा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. विकणाऱ्यानं ते पाळलं पाहिजे, यात शंका नाही. पण ऐब शोधून देणाऱ्याची मजुरी द्यायला आपण का कचरतो? स्कॅनर लावून नोझलचे आकडे दाखवणारा मुलगा हा कारागीर आहे. त्याला फी ठरवून द्या, आणि आधी द्या.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांबद्दलही दोन शब्द. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादानं बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्यामुळे बऱ्याच गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत स्वस्तात उतरल्या. गाडी वाईटच असेल असं नाही, पण जुना मालक हजार मैलांवर असतो आणि त्याच्या गॅरेजला फोन करता येत नाही. शिवाय इथे नोंदणीचा कर वेगळा. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, हे तर कोणत्याही जुन्या डिझेलला आहेच.

मुळात भाच्याला डिझेल हवीच होती का, यावर आमची दोन रात्री चर्चा झाली. महिना ६०० किलोमीटर. पेट्रोल १५ चं ॲव्हरेज देणारी, डिझेल २० चं. आपल्याकडच्या तेव्हाच्या १०४ आणि ९० रुपये भावानं धरलं तर महिन्याला साडेचौदाशेची बचत. वाईट नाही, पण नोझल-पंपाचं एक मोठं काम निघालं की वर्षभराची बचत त्यातच जाते. महिन्याला २००-३०० किलोमीटर असते तर मी त्याला जुनी पेट्रोलच घ्यायला लावली असती, भांडून. इथे मात्र एका दमात तीस किलोमीटर रस्ता होता, इंजिन तापायला पुरेसा.

शेवटी त्यानं घेतली ती १ लाख ८५ हजार चाललेली डिझायर. दाराला पोचे, सीट फाटलेल्या. पण एका निवृत्त शिक्षकांची, आणि त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत पहिल्या सर्व्हिसपासूनच्या पावत्या. चेन बदलल्याचीही होती. क्लच घसरतोय हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि तेवढे पैसे कमी केले. उस्तादांनी हजार रुपये घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. भाच्यानं ते त्यांच्या खिशात कोंबले. मंगळवारी आपा पुढच्या सीटवर बसून मिरजेला गेली. वाटेत म्हणाली, आवाज फार करते रे ही.