मलिक अली मेला आणि आपण खूश झालो

जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ ११ जुलै २०२५ ला लागला. त्याच आठवड्यात भर पावसात आम्ही सोनिवलीहून निघून कल्याणला जाऊन तो पाहिला. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचे तीन मित्र. परतीच्या लोकलमध्ये बदलापूर येईपर्यंत भावाचं एकच पालुपद चालू होतं, ‘‘आपा, बघितलंस ना? आपला माणूस होता!’’

हा आपला माणूस म्हणजे मलिक अली. मेट्रोपोलिसमध्ये फलाफलची गाडी लावणारा. सुपरमॅनला त्याने एकदा फुकट खाऊ घातलेलं असतं. सुपरमॅन मार खाऊन रस्त्यात आपटतो, तेव्हा हाच त्याला हात देतो. पुढे लेक्स लुथर त्याला धरून नेतो आणि सुपरमॅनने तोंड उघडावं म्हणून त्याच्यासमोर मलिकच्या डोक्यात गोळी घालतो. (आपल्या सेन्सॉरने सुपरमॅन आणि लोइसचं चुंबन कापलं. ही गोळी राहिली.)

माझं भांडण इथेच आहे. मलिक चांगला माणूस आहे हे पटवण्यासाठी त्याला आधी खाऊ घालावं लागतं, मग मदत करावी लागते, मग मरावं लागतं. त्याचं घर कुठे, त्याच्या मागे कोण रडलं, काही नाही. सुपरमॅनच्या कुत्र्याला, क्रिप्टोला, त्याच्यापेक्षा जास्त वेळ मिळाला आहे! यावर भावाचा मित्र म्हणाला, ‘‘निदान अतिरेकी तरी नाही दाखवला.’’ अरे, पंचविशीसुद्धा न गाठलेल्या मुलाची अपेक्षा एवढीच?

जऱ्हानपूरचंही तेच. निःशस्त्र गाव, समोर बोरावियाचे रणगाडे आणि सुपरमॅनचा झेंडा उभारणारं पोर. अनेकांना तिथे गाझा दिसलं. मलाही दिसलं, मी रडले. पण तिथली माणसं करतात काय? वाट बघतात. ज्याच्या नावाचा झेंडा लावला तो येतही नाही, त्याचे साथीदार येतात.

आता आपल्याच राज्यातला सुपरमॅन आठवा. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तो बनवला. नायक शफीक, यंत्रमागावर राबणारा हडकुळा कामगार. मागे हिरवं कापड लावून त्याला उडवलं. ही सगळी खटपट फैजा अहमद खान यांनी २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली. शफीक पुढे कर्करोगाने गेला, पण पडद्यावर तो कुणाचं दुःख वाढवायला मेला नाही. तो उडाला, पडला, लोकांना हसवलं. नायक तोच होता.

याच मंडळींवरचा रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला लागला होता. आमच्यातलं कुणीही गेलं नाही. रमजान तोंडावर आलाय, असं कारण सगळ्यांनी दिलं. मीसुद्धा. खरं कारण वेगळं होतं. मालेगाव बघायला पैसे कोण घालवणार? जुलैत त्याच मुलांनी मलिक अलीच्या पाच मिनिटांसाठी स्टेटस ठेवले.

गेल्या रविवारी भावाला माहितीपट दाखवायला बसवलं. आधी शफीकच्या अंगकाठीवर हसला, मग गप्प झाला. संपल्यावर विचारतो, ‘‘आपा, एवढं मोठं हिरवं कापड कितीला येत असेल?’’

मला माहीत नाही. उल्हासनगरचा कापडबाजार इथून दोन स्टेशनांवर आहे.