साहाय्यक प्रशिक्षकाचा पेशा : काही आक्षेप आणि त्यांचे निरसन

शिवाजी पार्कच्या मैदानावर शेजारीशेजारी लागणाऱ्या क्रिकेटच्या नेटांमध्ये मुख्य प्रशिक्षकाखेरीज आणखी एखाद-दुसरा माणूस दिसतो. फलंदाजाला जवळून हाताने चेंडू टाकून एकाच फटक्याचा सराव देणे, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत थ्रोडाउन, मुलांच्या पाळ्या लावणे आणि सरांच्या गैरहजेरीत शिस्त राखणे ही त्याची कामे असतात. या साहाय्यक प्रशिक्षकाविषयी पार्काच्या कट्ट्यापासून महाविद्यालयांच्या जिमखाना समित्यांपर्यंत दोन मते पक्की रुजलेली आहेत. खेळाडू म्हणून ज्याची मजल पुढे गेली नाही तोच हे दुय्यम काम पत्करतो आणि मोठा प्रशिक्षक व्हायला मुळात मोठा खेळाडू असावे लागते, हे पहिले मत. आणि प्रशिक्षण ही गुरुसेवा असल्याने तिच्यात पायऱ्या, करार व मानधन यांचा हिशेब आणला की विद्येचे पावित्र्य जाते, हे दुसरे.

पहिले मत खोडण्यासाठी पार्काबाहेर जाण्याचीही गरज नाही. ज्यांच्या नावाने हे मैदान क्रिकेटजगतात ओळखले जाते त्या रमाकांत आचरेकरांच्या खात्यावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, तोही 1963-64 च्या मोइनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून खेळलेला. तरीही 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आजच्या पिढीत पाहायचे तर ओंकार साळवी रेल्वेकडून अ-दर्जाचा, म्हणजे मर्यादित षटकांचा, एकच सामना खेळले. पण मुंबईने 2023-24 मध्ये बेचाळिसावे रणजी विजेतेपद मिळवले तेव्हा मुख्य प्रशिक्षक तेच होते आणि पुढे बंगळुरूच्या संघाने 2025 मध्ये आयपीएल जिंकली तेव्हा गोलंदाजीचे प्रशिक्षकही तेच होते. चंद्रकांत पंडित कसोटीपटू होते, असे यावर कोणी म्हणेल, आणि कसोटीच्या टोपीमुळे दारे लवकर उघडतात हे मान्यच करावे लागेल. परंतु पंडितांचे कसोटी सामने अवघे पाच, आणि मुंबई, विदर्भ व मध्य प्रदेश अशा तीन संघांना त्यांनी मिळवून दिलेली रणजी विजेतेपदे सहा. खेळण्याचे कौशल्य आणि शिकवण्याचे कौशल्य एकाच माणसात नांदू शकतात, पण पहिल्यावरून दुसऱ्याचे मोजमाप होत नाही.

फेब्रुवारी 1988 मधील हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागी रचली हे मराठी घरांत पाठ असते. मात्र त्या वेळी आचरेकर मैदानावर नव्हते आणि डाव घोषित करा असे सीमारेषेवरून ओरडून सांगण्याची जबाबदारी त्यांचे साहाय्यक लक्ष्मण चव्हाण यांच्यावर होती, हे क्वचितच आठवले जाते. मुलांनी ऐकू आले नाही असे दाखवले आणि डाव घोषित झाला तो जेवणाच्या सुटीत दूरध्वनीवर खुद्द सरांनी बजावल्यानंतरच. साहाय्यकाच्या पदाची अडचण या प्रसंगात नेमकी दिसते : जबाबदारी पुरेपूर, अधिकार उसना. आचरेकर आपल्या शिष्यांना घेऊन एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर स्कूटरने जात, ही आठवण कौतुकाने सांगितली जाते; तशी सांगताना त्या वेळात मागे राहिलेली मुले दास शिवलकर आणि चव्हाण यांच्यासारख्या साहाय्यकांच्या नजरेखाली होती, याचाही उल्लेख व्हायला हवा.

त्याच सामन्यात पॅड बांधून बसलेला आणि शेवटपर्यंत पाळी न आलेला पुढचा फलंदाज होता अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत 11,167 धावा करूनही भारतीय संघात त्याला एकदाही स्थान मिळाले नाही, आणि या दुर्दैवावर आजवर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आहे, इतकी की निवृत्तीनंतरची त्याची वाटचाल तिच्याखाली झाकली गेली. राजस्थान रॉयल्सचा फलंदाजी प्रशिक्षक, 2019 च्या भारत दौऱ्यापुरता दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा हंगामी फलंदाजी प्रशिक्षक, 2021 मध्ये मुंबईचा मुख्य प्रशिक्षक आणि ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक, अशा एकेक पायरीने तो वर गेला. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. या यशाला नशिबाने केलेली भरपाई म्हणणे म्हणजे मधल्या वर्षांतील दुय्यम पदांवरचे शिक्षण नाकारणे होय.

दुसरे मत अधिक घातक आहे, कारण ते आदराच्या वेषात येते. सेवाभावाची थोरवी गाऊन साहाय्यकाला फुकट किंवा नाममात्र मानधनावर राबवून घेण्याची प्रवृत्ती मुंबईपुरतीच नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये हा पेशा बांधीव झाला आहे : पदव्युत्तर शिक्षण घेता घेता काम करणारा उमेदवार, मग साहाय्यक, मग सहमुख्य आणि शेवटी मुख्य प्रशिक्षक. तरीही 1991 मध्ये तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने एका वर्गातील साहाय्यकांच्या वार्षिक कमाईवर 16,000 डॉलरची मर्यादा घातली. तिचे समर्थन करताना खर्चकपातीबरोबरच नवोदितांना संधी मिळावी असेही कारण पुढे केले गेले. प्रशिक्षक न्यायालयात गेले, 1998 मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा स्पर्धाविरोधी ठरवली आणि पुढच्या वर्षी 5 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड झाली. यामुळे निष्ठा आटली असेही नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बिल गुथ्रिज यांनी डीन स्मिथ यांच्या हाताखाली तीस वर्षे काढली, ती पगारी नोकरीतच. आणि 1997 मध्ये मुख्य झाल्यावर तीन हंगामांत दोनदा संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत नेले.

म्हणून सेवा आणि वेतन यांत विरोध आहे हे गृहीतकच टिकत नाही. उलट ज्या पदावर नाव, तास आणि मोबदला लेखी नसतो तेथे ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे तोच टिकतो, आणि परळ-लालबागच्या चाळीतून आलेला, शिकवण्याची खरी हातोटी असलेला मुलगा दोन-तीन हंगामांत दुसरी नोकरी धरतो. परंपरेचे पावित्र्य जपण्याच्या नावाखाली परंपरेचाच वारस असा गमावला जातो. दादर-माटुंग्याच्या महाविद्यालयांतील जिमखाना समित्यांनी आणि पार्कातील क्लबांनी येत्या हंगामाची नेमणूकपत्रे काढताना मुख्य प्रशिक्षकाच्या नावाखाली साहाय्यकाचे नाव, त्याचे कामाचे तास आणि त्याचे मानधन लिहावे, आणि हंगाम संपल्यावर त्याला अनुभवाचा दाखला द्यावा.